जनगणनेचे आकडे : किती सांगायचे, किती झाकायचे?

जनगणना म्हटली की डोळ्यांसमोर येतात ते दारोदार फिरणारे प्रगणक. खांद्याला पिशवी, हातात फॉर्म, आणि पुष्कळदा ते आपल्याच शाळेतले गुरुजी किंवा बाई असतात. २०११ साली असे सुमारे २७ लाख प्रगणक आणि पर्यवेक्षक देशभर राबले. माहिती गोळा कशी करतात हे तुम्ही भूगोलाच्या किंवा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचले असेल. या लेखात आपण त्याच्या पुढच्या टप्प्याचा विचार करू. गोळा झालेली ही माहिती लोकांना परत द्यायची कशी?

तुम्ही म्हणाल, त्यात काय आहे? बेरजा करायच्या, कोष्टके बनवायची आणि छापून टाकायची! परंतु या साध्या दिसणाऱ्या कामात एक मोठी अडचण दडलेली आहे आणि ती गणिती आहे. जगातले नामवंत संख्याशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ तिच्यावर गेली कित्येक वर्षे डोके खाजवीत आहेत. ती समजायला नववी-दहावीचे गणित पुरते.

प्रथम कायदा पाहू. आपल्या देशात जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार होते. प्रगणकाने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. (यात एक गमतीदार अपवाद आहे. रूढीमुळे जे नाव घेणे वर्ज्य असेल, उदाहरणार्थ पतीचे, ते सांगण्याची सक्ती स्त्रीवर करता येत नाही. तेव्हा प्रगणकासमोर उखाणा घेण्याची गरज नाही!) बंधन एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला तितकेच पक्के वचन आहे. कायद्याचे १५ वे कलम सांगते की जनगणनेचे भरलेले फॉर्म पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. खुद्द याच कायद्याखालचा खटला सोडला, तर न्यायालयातही ती नोंद पुरावा म्हणून चालत नाही. तुम्ही प्रगणकाला सांगितलेले वय शेजाऱ्याला, सावकाराला किंवा पोलिसाला कळता कामा नये, असा त्याचा अर्थ.

म्हणजे सरकारने दोन गोष्टी एकदम कबूल केल्या आहेत. देशाची माहिती लोकांना द्यायची आणि कोणा एकाची माहिती कोणालाही द्यायची नाही. दोन्ही वचने एकाच वेळी कितपत पाळता येतात, हाच आपला प्रश्न आहे.

आकडे टप्प्याटप्प्याने का येतात?

२०११ च्या जनगणनेत १ मार्च २०११ रोजी ००.०० वाजता, म्हणजे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतो त्या क्षणी, देशात किती माणसे होती ते मोजायचे ठरले होते. (काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी हा क्षण १ ऑक्टोबर २०१० चा होता, कारण मार्चमध्ये तिथल्या वाटा बंद असतात.) आणि ३१ मार्च २०११ रोजी देशाची लोकसंख्या जाहीरसुद्धा झाली : १,२१,०१,९३,४२२.

एका महिन्यात एवढे फॉर्म संगणकात भरले गेले काय? नाही. प्रत्येक प्रगणकाने आपल्या भागाची बेरीज हातानेच करून एका गोषवाऱ्यात लिहिली. ती पर्यवेक्षकाकडे, तिथून तहसिलीकडे, मग जिल्ह्याला, मग राज्याला अशी शिडी चढत दिल्लीला पोचली. हे झाले तात्पुरते आकडे. फॉर्म यंत्राने वाचून, तपासून, अंतिम आकडा निघाला तो १,२१,०८,५४,९७७. दोन्हींची वजाबाकी करा : ६,६१,५५५. आकडा मोठा वाटतो, पण दर दहा हजार माणसांमागे हा फरक साडेपाच माणसांचा आहे! हाताने केलेल्या बेरजांची ही अचूकता प्रयोगशाळेतल्या आपल्या वाचनांशी ताडून पाहण्यासारखी आहे.

मग तपशिलाची कोष्टके येऊ लागतात आणि त्यांना वेळ लागतो. धर्मानुसार लोकसंख्या ऑगस्ट २०१५ मध्ये आली, मातृभाषांचे आकडे तर २०१८ साली. भाषांनाच एवढा उशीर का? लोकांनी आपल्या मातृभाषेची म्हणून जी नावे सांगितली ती होती १९,५६९! कोणी भाषेचे नाव सांगतो, कोणी बोलीचे, कोणी गावाचे. त्यांची छाननी करता करता १,३६९ मातृभाषा उरल्या.

कोष्टक जितके बारीक, तितका त्याचा उपयोग जास्त. तालुक्याची एकूण लोकसंख्या कळून शाळा कोठे बांधावी ते ठरत नाही. त्यासाठी कोणत्या पाड्यावर सहा वर्षांखालची मुले किती, हे कळावे लागते. पाणीपुरवठा, दवाखाना, रेशनचे दुकान, या सगळ्यांना गावपातळीचे आकडे लागतात. आपल्या जनगणनेत ते मिळतातही. देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार खेड्यांपैकी प्रत्येकाची लोकसंख्या, साक्षर, काम करणारे, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, हे सारे छापले जाते. आपल्या गावाचा आकडा जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत तुम्हांला सापडेल.

आता गोम अशी की कोष्टक जितके बारीक, तितका त्यातला माणूस उघडा पडण्याचा धोकाही जास्त.

पाच माणसांचे कोडे

एक काल्पनिक वस्ती घेऊ. तीत फक्त पाच माणसे राहतात. छापलेल्या कोष्टकांत कोणाचेही नाव नाही, कोणाचेही वय नाही. आहेत त्या एवढ्याच ओळी :

ओळ १ : एकूण माणसे ५, पुरुष २, स्त्रिया ३.
ओळ २ : सर्वांचे सरासरी वय ३८.
ओळ ३ : सर्वांच्या वयांचा मध्यक ३६.
ओळ ४ : साक्षर ४, त्यांचे सरासरी वय ३२.५.
ओळ ५ : साक्षरांपैकी पुरुष २, स्त्रिया २.
ओळ ६ : स्त्रियांचे सरासरी वय ३०, मध्यक २२.

मध्यक म्हणजे सगळी वये चढत्या क्रमाने मांडली असता बरोबर मधले वय, हे तुम्हांला ठाऊक आहेच. वये पूर्ण वर्षांत धरा. आता पुढे वाचण्यापूर्वी पेन्सिल घ्या आणि पाचही जणांची वये निघतात का ते पाहा.

निघतात! सर्वांच्या वयांची बेरीज ५ × ३८ = १९०. साक्षरांच्या वयांची बेरीज ४ × ३२.५ = १३०. म्हणजे जे एक माणूस निरक्षर आहे त्याचे वय ६०. दोन्ही पुरुष साक्षर आहेत, तेव्हा ती साठ वर्षांची स्त्री. तिन्ही स्त्रियांच्या वयांची बेरीज ९०, म्हणून उरलेल्या दोघींची बेरीज ३०. त्या दोघीही साठीच्या आतल्या असल्याने मधले वय त्यांच्यापैकी एकीचे; ती २२ वर्षांची आणि दुसरी ८ वर्षांची. पुरुषांच्या वयांची बेरीज १९० − ९० = १००. पाच जणांत मधले वय ३६ आहे, पण कोणतीच स्त्री ३६ वर्षांची नाही. म्हणून एक पुरुष ३६ चा आणि दुसरा ६४ चा. झाले! नावे कोठेच नव्हती, तरी वस्ती आपल्यासमोर उभी राहिली.

आजीबाई निरक्षर आहेत हे कळल्याने कोणाचे काही बिघडत नाही, असे वाटेल. पण साक्षरतेच्या जागी दुसरा प्रश्न घालून पाहा. २०११ च्या फॉर्मात अपंगत्व विचारले होते. विवाहित, विधवा, विभक्त की घटस्फोटित, हेही विचारले होते. जन्म कोठे झाला आणि इथे का आलात, तेही होते. एखाद्या कुटुंबाने नातेवाइकांपासूनही लपवून ठेवलेली गोष्ट प्रगणकाला विश्वासाने सांगितली आणि ती वजाबाकी करून गावाला कळली, तर पुढच्या खेपेस त्या घरातून खरे उत्तर मिळणार नाही. अशी दहा-वीस लाख घरे झाली की जनगणनाच खोटी पडेल.

तुम्ही विचाराल की पाच माणसांचे ठीक आहे, पण कोट्यवधी लोकांच्या देशात असे कोण करील? हे करून पाहिले गेले आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ३०,८७,४५,५३८ भरली. तिथे देशाचे सुमारे १ कोटी १० लाख लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणतात. शहरात चार रस्त्यांमधली घरे म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकची कोष्टके छापलेली होती. तेथील जनगणना कार्यालयाच्याच शास्त्रज्ञांनी ती छापील कोष्टके संगणकाला दिली आणि वरच्यासारखेच कोडे सोडवायला सांगितले, फक्त समीकरणे अब्जावधी होती. संगणकाने माणसांची जी यादी तयार केली, तिच्यातला ब्लॉक, लिंग, वय, वंश हा सगळा तपशील ४६ टक्के लोकसंख्येच्या बाबतीत तंतोतंत जुळला. वयात एका वर्षाची चूक चालवून घेतली, तर ७१ टक्के. मग बाजारात विकत मिळणाऱ्या नावपत्त्यांच्या याद्या तिच्याशी ताडल्या, तेव्हा देशातल्या १७ टक्के लोकांची ओळख नावासकट बरोबर निघाली.

वास्तविक त्या कोष्टकांना एक कुलूप घातलेले होते. ज्या कुटुंबाची ओळख सहज पटेल, त्यातल्या काहींच्या नोंदी दुसऱ्या भागातल्या तशाच कुटुंबाशी अदलाबदल करून टाकीत. हे कुलूप जुन्या काळी पुरेसे होते. आजच्या संगणकापुढे ते टिकले नाही.

अमेरिकेला ही गोष्ट एवढी का टोचली, याला इतिहास आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर १९४० च्या जनगणनेवरून जपानी वंशाचे लोक पश्चिम किनाऱ्यावरील कोणकोणत्या भागांत किती राहतात, याची कोष्टके लष्कराला पुरवण्यात आली. त्यांत नाव एकाचेही नव्हते. पण कोणत्या मोहल्ल्यात गाड्या न्यायच्या, ते कळायला नावे लागत नाहीत. सुमारे एक लाख वीस हजार माणसांना, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. मार्च १९४२ मध्ये तर युद्धकाळासाठी गोपनीयतेचा कायदाच सैल केला गेला. जनगणना कार्यालयाच्या संचालकांनी, केनेथ प्रेविट यांनी, याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २००० साली.

मुद्दाम मिसळलेली खरखर

मग करायचे काय? आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांचा अर्धा जन्म मोजमापातली खरखर काढून टाकण्यात जातो. रेडिओवर दूरचे स्टेशन लावले की खरखरीत गाणे हरवते, तशी. या प्रश्नाचे उत्तर मात्र ती खरखर आपल्या हाताने आकड्यांत मिसळण्यात आहे. आधी ती वर्गात अनुभवून पाहू.

समजा, तुमच्या वर्गात ६० मुले आहेत आणि बाईंना जाणून घ्यायचे आहे की किती जण दुसऱ्याच्या वहीतून गृहपाठ उतरवतात. हात वर करा म्हटले तर कोण करणार! तेव्हा प्रत्येकाने एक नाणे घ्यावे आणि कोणाला न दाखवता उडवावे. छाप पडली तर खरे उत्तर द्यावे. काटा पडला तर नाणे पुन्हा उडवावे आणि छाप आल्यास 'होय', काटा आल्यास 'नाही' म्हणावे, मग खरे काहीही असो. आता एखाद्याने 'होय' म्हटले तरी त्याला कोणी धरू शकत नाही. तो खुशाल सांगेल, बाई, ते माझे नाणे बोलले!

तरीही वर्गाची माहिती मिळतेच. समजा 'होय' २४ जण म्हणाले. साधारण ३० मुलांचा पहिला काटा पडला असणार आणि त्यांतल्या १५ जणांना नाण्याने 'होय' म्हणायला लावले असणार. २४ मधून १५ गेले, उरले ९. हे ९ खरे सांगणाऱ्या ३० पैकी, म्हणजे ३० टक्के. वर्गातले सुमारे १८ जण गृहपाठ उतरवतात. अमेरिकन संशोधक वॉर्नर यांनी १९६५ साली या जातीची युक्ती मांडली. नाण्याचा प्रकार तिचेच सोपे रूप आहे.

ही १८ ची संख्या कितपत खरी? हिशेब केला तर ६० मुलांच्या वर्गात सात-आठ मुलांची चूक सहज होते. म्हणजे उत्तर तसे फार भरवशाचे नाही. पण हाच प्रयोग ६००० विद्यार्थ्यांवर करा. चूक ७५ च्या आसपास येईल. मुले शंभरपट झाली, चूक मात्र दहापट, कारण ती संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. टक्केवारीत ती १३ टक्क्यांवरून सव्वा टक्क्यावर उतरली. एकेकट्याची गोष्ट झाकली गेली आणि समूहाची उघडी राहिली. आपल्याला हवे होते ते हेच.

जनगणनेत प्रगणक घरी येऊन नाणे उडवीत नाही. माहिती खरीच घ्यायची, आणि छापण्यापूर्वी प्रत्येक आकड्यात थोडी यादृच्छिक भर किंवा घट करायची, असे करतात. किती करायची, याला २००६ साली सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अॅडम स्मिथ या चौघांनी गणिती पाया दिला. त्यांची कल्पना ऐकायला सोपी आहे. तुमचा फॉर्म गठ्ठ्यात आहे की काढून टाकला आहे, हे छापील कोष्टके पाहून कोणालाही खात्रीने सांगता येता कामा नये. या पद्धतीला डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात. किती गळती चालवून घ्यायची त्याचे माप एप्सिलॉन या ग्रीक अक्षराने दाखवतात. एप्सिलॉन लहान, तर खरखर जास्त आणि गुप्तता पक्की. मोठा, तर आकडे स्वच्छ आणि गुप्तता पातळ.

महत्त्वाची गोष्ट अशी की एप्सिलॉन हा शिध्यासारखा असतो. एकदा ठरवला की तो सगळ्या कोष्टकांना मिळून पुरवायचा. वयाच्या कोष्टकाला जास्त दिला, तर घरांच्या कोष्टकाला कमी उरतो. नवे कोष्टक मागितले की शिधा संपत जातो. म्हणूनच आकडे प्रसिद्ध करण्याचे नियोजन आधी करावे लागते. कोणते कोष्टक कोणाला लागते, त्यावाचून कोणाचे अडते, याची विचारपूस करून वाटणी ठरवायची.

अमेरिकेने २०२० च्या जनगणनेसाठी हा मार्ग धरला आणि एक शहाणपण केले. नवे आकडे येण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, जुन्या २०१० च्या आकड्यांत नवी खरखर मिसळून ते नमुन्यादाखल लोकांपुढे ठेवले. बघा, तुमची कामे होतात का?

ओरड झाली, आणि ती सकारण होती. तीन माणसांची चूक लाखाच्या शहराला जाणवत नाही, पण पाच माणसांच्या वस्तीची ती दोन किंवा आठ माणसांची करून टाकते. मूळ अमेरिकन जमातींच्या प्रतिनिधींनी सांगितले की आमच्या लहान लहान वस्त्यांचे आकडे बिघडले आहेत आणि सरकारी मदत या आकड्यांवर अवलंबून असते. त्याशिवाय एक तांत्रिक खोच होती. समजा, चार ओसाड ब्लॉकांची खरी लोकसंख्या शून्य आहे आणि पाचव्यात ४० माणसे आहेत. खरखर मिसळल्यावर ओसाड ब्लॉकांचे आकडे −२, +३, −१, +२ असे आले. पण वजा दोन माणसे छापणार कशी? म्हणून वजा होते ते शून्य केले. राहिले ०, ३, ०, २, बेरीज ५. एकूण मात्र ४० च ठेवायची आहे, म्हणून पाचव्या ब्लॉकातून ५ काढले. शून्याचे पाच झाले आणि चाळिसाचे पस्तीस! खरखरीने कोणाची बाजू घेतली नव्हती. आकडे सभ्य दिसावेत म्हणून केलेल्या डागडुजीने ती घेतली.

एका राज्याने, अलाबामाने, मार्च २०२१ मध्ये दावाही दाखल केला. जूनमध्ये न्यायालयाने या पद्धतीला मनाई करण्यास नकार दिला. दरम्यान कार्यालयाने शिधा वाढवला. एप्रिल २०२१ च्या नमुन्यात एप्सिलॉन १२.२ होता, जूनमध्ये अंतिम म्हणून ठरवला तो १९.६१. १२ ऑगस्ट २०२१ रोजी मतदारसंघ आखण्यासाठीचे आकडे बाहेर आले. राज्यांच्या एकूण लोकसंख्येत खरखर अजिबात मिसळलेली नाही, कारण प्रतिनिधिगृहातल्या जागा तिच्यावर वाटल्या जातात. एकेका ब्लॉकच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, अनेक ब्लॉक एकत्र करून पाहा, असे वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगण्यात आले.

१९.६१ हा आकडा गुप्ततेच्या जाणकारांना फार सैल वाटतो आणि लोकसंख्याशास्त्रज्ञांना अजूनही जाचक वाटतो. माझ्या मते येथे विज्ञानाचे काम संपते. एप्सिलॉन आणि चूक यांचा संबंध गणित दाखवील, पण त्या वक्रावर कोणत्या बिंदूला थांबायचे ते गणित सांगत नाही. आणि आणखी एक गोष्ट विसरू नये. खरखर माणसाला झाकते, वस्तीला झाकत नाही. १९४२ साली लष्कराला दिलेल्या कोष्टकांत ती मिसळली असती, तरी गाड्या त्याच मोहल्ल्यांत गेल्या असत्या. तिथे उपयोगी पडला असता तो कायदा, आणि तोच सैल करण्यात आला होता.

आपल्याकडे

भारताने आजवर वेगळा, जुना मार्ग धरला आहे. नाजूक कोष्टक बारीक पातळीला छापायचेच नाही. २०११ चे धर्माचे कोष्टक तालुका आणि शहर या पातळीपर्यंत मिळते, गावागावाचे मिळत नाही. भाषांच्या बाबतीत १९७१ पासूनचा नियम असा की जी भाषा बोलणारे देशभरात दहा हजारांहून कमी, तिचे नाव वेगळे छापायचे नाही. 'इतर' मध्ये टाकायचे. २०११ च्या यादीत म्हणून १२१ भाषा दिसतात.

झाकण्याची किंमत कोण मोजतो, ते इथे लक्षात येते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली नावाची भाषा बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञांना तिचे मोठे कुतूहल आहे, कारण जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते निश्चित जुळत नाही. तिचे भाषक दहा हजारांहून पुष्कळ कमी, तेव्हा यादीत निहाली नाही. भाषक वाढले की घटले, मुले ती बोलतात की नाही, हे जनगणनेच्या छापील भाषायादीवरून कोणालाच सांगता येत नाही. मोठ्या समूहाला कोष्टकात आपोआप आडोसा मिळतो. लहान समूहाला आडोसा द्यायचा तर त्याचा आकडा जातो, आणि आकडा द्यायचा तर आडोसा जातो.

हा प्रश्न आता आपल्या दारात येऊन ठेपला आहे. कोविडच्या साथीमुळे २०२१ ची जनगणना लांबली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची ००.०० ही वेळ ठरवली. त्याआधी, ३० एप्रिल २०२५ रोजी, तिच्यात सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर झाला होता. अनुसूचित जाती-जमाती सोडल्या, तर १९३१ नंतर २०११ पर्यंतच्या एकाही जनगणनेने सर्व जातींचे आकडे छापलेले नाहीत. १९३१ साली जाती भरल्या होत्या ४,१४७. २०११ साली जनगणना कायद्याबाहेर जे वेगळे सर्वेक्षण झाले, त्यात लोकांनी सांगितलेली जातींची नावे ४६ लाखांवर गेली. ते आकडे छापले गेले नाहीत.

आता विचार करा. हजारो जाती, सहा लाखांवर खेडी, आणि शिवाय वय, शिक्षण, व्यवसाय. या कोष्टकात असंख्य चौकटी अशा असतील की ज्यांत फक्त एक घर आहे. गावात ज्या जातीचे एकच कुटुंब राहते, त्याचे शिक्षण आणि व्यवसाय जातवार छापणे म्हणजे दारावर पाटी लावणे. आणि नेमक्या अशाच विखुरलेल्या, लहान जातींची स्थिती कळावी, म्हणून तर ही मोजणी. गावपातळीला काय द्यायचे, तालुक्याला काय, कोठे 'इतर' म्हणायचे आणि कोठे खरखर मिसळायची, हे फॉर्म गोळा झाल्यावर ठरवून चालणार नाही. अमेरिकेने केले तसे, २०११ च्या आकड्यांवर नमुना बनवून तो पंचायती, शाळा, संशोधक आणि त्या त्या जमातींचे लोक यांच्यापुढे आधीच ठेवावा, असे मला वाटते.

काही देश काळाचा पडदा वापरतात. अमेरिकेत मूळ फॉर्म ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे फॉर्म १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले आणि लोकांनी त्यांत आपले आजोबा-पणजोबा शोधले. ब्रिटनमध्ये शंभर वर्षे थांबतात. इंग्लंड आणि वेल्सचे १९२१ चे फॉर्म जानेवारी २०२२ मध्ये लोकांपुढे आले. १९३१ चे येणार नाहीत, कारण ते १९४२ मध्ये आगीत जळाले. आणि १९४१ साली युद्धामुळे तिथे जनगणनाच झाली नाही. आपल्या कायद्यात असा खुला होण्याचा दिवस कोठेच लिहिलेला नाही.

जाता जाता, पाच माणसांच्या कोड्याकडे पुन्हा वळा. पहिली ओळ राहू द्या. उरलेल्या पाच ओळींपैकी एकच ओळ गाळायची तुम्हांला मुभा आहे. कोणती गाळली असता पाचही जणांची वये झाकली जातील? एकेक ओळ गाळून, प्रत्येक वेळी कोण कोण उघडे राहते त्याचे टिपण करा. यांतली एक ओळ तर अशी आहे की ती गाळली तरी काहीच झाकले जात नाही. उरलेल्या ओळींवरून ती आपली आपण काढता येते. ती ओळ कोणती, आणि का?